आजीचे पत्र आणि दुसरीचा वर्ग



गेल्या महिन्यात वैजापूर तालुक्यातील एका गावाहून आम्हांस एक पत्र आले. लिहिणारी एक आजी आहे. मिशनच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. त्या शिदोरीवर तिने आयुष्यभर प्रार्थनेचे पुस्तक वाचले आणि अवघ्या गल्लीची पत्रे लिहून दिली. तिचा मुलगा हैदराबादेत मलकपेठेस राहतो. तेथील बाजारात तो कांद्याच्या गोण्या वजन करण्याच्या कामावर आहे. त्याची मुलगी दुसरीत आहे, आणि घराजवळ परवडण्याजोगी दुसरी शाळा नव्हती म्हणून तिला एका ल्यूथरन मंडळीच्या शाळेत घातले आहे.

सुटीत नात गावी आली. संध्याकाळी आजीने रोजरीची माळ हाती घेतली, नातीला शेजारी बसविले आणि प्रभूची प्रार्थना सुरू केली. नात गप्प. मग तिने तीच प्रार्थना इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखविली, आणि शेवटी आजीने कधी न ऐकलेली एक ओळ जोडली. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट उघड झाली. आजीने पावसाळ्यात पाठविलेली दोन पत्रे मलकपेठेस पोचली होती, पण नातीला ती वाचता आली नव्हती. आई कामात होती, बाप रात्री उशिरा येई. पत्रे देवघराच्या फळीवर तशीच राहिली.

आजी विचारते, “त्या शाळेत दुसरीला काय शिकवितात, ते मला सांगा. माझी नात आपला धर्म विसरेल काय?”

प्रश्न एका घराचा असला तरी आमच्या पुष्कळ वाचकांचा आहे. पोटासाठी शहराकडे गेलेल्या आपल्या माणसांच्या मुलांना सर्वत्र कॅथलिक शाळा मिळतेच असे नाही. म्हणून आम्ही या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावयाचे ठरविले आहे.

प्रथम मलकपेठेविषयी. मुसी नदीच्या दक्षिणेस, चादरघाटाचा पूल ओलांडला की ही वस्ती लागते. गोवळकोंड्याचा सुलतान अब्दुल्ला कुतुबशहा याच्या पदरी असलेल्या मलिक याकूब नावाच्या इसमावरून तिला हे नाव पडले, असे सांगतात. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान येथेच आहे, पायगा सरदार आस्मानजाह यांचा टेकडीवरील आस्मानगढ महाल येथेच आहे, आणि कांद्या-मिरच्यांची मोठी बाजारपेठही येथेच आहे. महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक तेथे जातात. म्हणजे आजीच्या मुलाच्या तराजूत कधी कधी त्याच्याच मुलखाची माती लागलेला कांदा येत असेल.

हैदराबाद हे मराठी माणसाला परके गाव नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. १९५६ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि वैजापूरचा कारभारही त्या शहरातूनच चाले. तेथील मराठी मंडळींनी १९०७ सालीच विवेकवर्धिनी पाठशाळा स्थापन केली. त्याच १९५६ साली आपल्या राज्यघटनेत ३५० अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी कराव्यात, असे ते कलम राज्यांना सांगते. परंतु कलम कागदावर असते आणि मूल गल्लीत असते. मलकपेठेच्या गल्लीत दखनी उर्दू चालते, दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू असते, शाळेत इंग्रजी असते, आणि मराठी फक्त घराच्या उंबऱ्याच्या आत उरते. तेथेही ती बोलली गेली तर!

आता ल्यूथरन म्हणजे कोण? मार्टिन ल्यूथर हा जर्मनीतील ऑगस्टीनियन मठवासी. १५१७ साली त्याने वादविवादासाठी आपली मते मांडली, आणि पुढे पश्चिमेकडील ख्रिस्तमंडळात जी दुःखद फूट पडली तीत त्याच्या मागे गेलेल्या मंडळीस हे नाव मिळाले. आपल्या देशात ही मंडळी प्रथम १७०६ साली तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे आली. तेथे बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग नावाचा चोविशीतला तरुण उतरला. तामिळ शिकण्यासाठी त्याने एका गावठी पंतोजीला आपल्या घरीच शाळा भरविण्यास सांगितले, आणि स्वतः लहान मुलांच्या रांगेत बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरविली. दुसऱ्याच्या मुलांना शिकविण्याआधी त्यांची भाषा आपण शिकावी, एवढा विनय त्याच्या ठायी होता. तेलुगू मुलखात हे कार्य १८४२ साली गुंटूर येथे हेयर नावाच्या अमेरिकन पाद्र्याने सुरू केले, आणि १९२७ साली आंध्र इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च ही स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. तेव्हा आजीच्या नातीच्या वर्गातील ल्यूथरन मुले कोणी परदेशी नव्हेत. कृष्णा-गोदावरीच्या काठच्या शेतकऱ्या-मजुरांची ती नातवंडे असावीत.

आजीचा पहिला प्रश्न दुसरीत काय शिकवितात, हा आहे. त्यातील बराचसा भाग सर्व शाळांत सारखाच असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे वयाचा काळ हा शिक्षणाचा पाया मानला आहे. दुसरीचा वर्ग त्या पायाचा शेवटचा थर होय. २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ नावाची मोहीम सुरू केली. तिच्यात दुसरी संपेपर्यंत मुलाला काय यावे, हे स्पष्ट सांगितले आहे: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करता यावी. अमेरिकेतील ल्यूथरन शाळांच्या दुसरीतही जवळजवळ हेच असते. हजारापर्यंत संख्या, हातच्याची बेरीज-वजाबाकी, घड्याळात पाच-पाच मिनिटे मोजणे, नाणी ओळखणे आणि लहान गोष्टीचे पुस्तक स्वतः वाचणे, असा तो क्रम आहे. ४२ मधून १७ वजा करताना एक दशक मोडून त्याचे दहा एकक करावे लागतात, ही गोष्ट मलकपेठेत असो की मिसुरीत असो, सात वर्षांच्या मुलाला सारखीच अवघड जाते आणि कळली म्हणजे सारखाच आनंद देते.

भाषांचे ओझे मात्र मलकपेठेच्या मुलीला अधिक आहे. तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्याने तेथील शाळांत तेलुगू सक्तीची झाली आहे. शिकविण्याचे माध्यम इंग्रजी आहे, आणि नातीच्या शाळेत हिंदीही शिकवितात. म्हणजे सात वर्षांचे मूल एका दिवसात तीन लिप्यांत लिहिते. १५२८ साली ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन याने सॅक्सनी प्रांतातील शाळांसाठी नियम घालून दिले. त्यांत त्याने नेमका या ओझ्याविरुद्ध इशारा दिला होता. अनेक भाषा एकदम लादल्याने बिचारी मुले गांगरून जातात, म्हणून एकच धरा, असे त्याचे म्हणणे. ती एक भाषा त्याने लॅटिन ठरविली, ही गोष्ट वेगळी! त्याने मुलांचे तीन गट केले होते. पहिला गट अक्षरे जुळविणाऱ्यांचा आणि दुसरा वाचू लागलेल्यांचा. ही जी त्या काळची ‘दुसरी’, तीत इसापच्या गोष्टी होत्या, व्याकरण होते आणि आठवड्यातील एक दिवस केवळ धर्मशिक्षणाचा होता. दुपारच्या पहिल्या तासाला सर्व मुलांनी मिळून गायन करावयाचे असे. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकास एखादे सुवचन दिले जाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाठ म्हणून दाखवावे लागे. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचा हा गृहपाठ आहे.

आता आजीच्या खऱ्या काळजीकडे वळू. त्या शाळेत धर्म कोणता शिकवितात?

ल्यूथरन शाळेतील धर्मशिक्षणाचा कणा म्हणजे ल्यूथरने १५२९ साली लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी. त्याच्या आदल्या वर्षी तो खेडोपाडीच्या मंडळ्या पाहत फिरला, आणि लोकांना साधी प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे पाहून कष्टी झाला. म्हणून त्याने दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन यांविषयी सोप्या भाषेत प्रश्नोत्तरे लिहिली. प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ काय, असा एकच प्रश्न, आणि त्याचे थोडक्यात उत्तर. दुसरीच्या मुलांना या पुस्तकाचा आरंभ, म्हणजे बहुधा आज्ञा आणि प्रार्थना, शिकविण्याची चाल आहे. जोडीला पवित्र शास्त्रातील गोष्टी असतात: नोहाचे तारू, योसेफाचा रंगीत अंगरखा, दावीद आणि गल्याथ, दयाळू शोमरोनी.

वाचकहो, यातील किती भाग आपला आहे ते पाहा. आज्ञा त्याच. इतकेच नव्हे, तर त्यांचे क्रमांकही तेच! आई-बापांचा मान राख ही पुष्कळ प्रॉटेस्टंट पंथांत पाचवी आज्ञा मानतात. ल्यूथरन आणि कॅथलिक दोघेही तिला चौथी म्हणतात, कारण दोघांनी संत ऑगस्टीनची गणना कायम ठेवली आहे. लहान बालकांचा बाप्तिस्मा दोहोंकडे आहे. विश्वासांगीकार तोच आहे; मात्र पुष्कळ ल्यूथरन मंडळ्यांत ‘कॅथलिक’ या शब्दाऐवजी ‘ख्रिस्ती’ हा शब्द म्हणतात. आणि आजी जिने दचकली ती प्रार्थनेच्या शेवटची ओळ? राज्य, पराक्रम आणि गौरव देवाचे आहे, अशा अर्थाची ती ओळ आपल्यालाही अनोळखी नाही. मिस्सामध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर धर्मगुरू थोडी प्रार्थना म्हणतात आणि मग आपण सर्वजण तीच म्हणतो. ल्यूथरन मंडळी ती लगेच जोडून म्हणतात, एवढाच भेद. आजीबाई, तुमच्या नातीने कोणतीही परकी गोष्ट जोडली नाही. तुम्ही रविवारी म्हणता तेच तिने रोजरीत म्हटले.

भेद नाहीत असे आम्ही म्हणत नाही. ते झाकणे हाही मुलांवर अन्याय होईल. नमो मारिया त्या शाळेत कोणी शिकविणार नाही. संतांची मध्यस्थी मागण्याची रीत तेथे नाही. आपण सात साक्रामेंते मानतो. ल्यूथरची प्रश्नोत्तरी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांवर भर देते. पोपमहाशयांचे स्थान ते मानीत नाहीत. प्रभुभोजनात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो अशी त्यांचीही श्रद्धा आहे, परंतु ती मांडण्याची रीत आणि धर्मगुरुपदाविषयीची समजूत आपल्याहून निराळी आहे. म्हणून त्या टेबलाशी आपण ख्रिस्तप्रसाद घेत नाही.

यातूनच नातीने आईला एक प्रश्न विचारला आहे, असे पत्रात लिहिले आहे. ती यंदा धर्मग्रामातील वर्गाला जाते आणि तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद जवळ आला आहे. पण बाकावर शेजारी बसणारी तिची ल्यूथरन मैत्रीण म्हणते, आमच्याकडे अजून पुष्कळ वर्षे थांबावे लागते. “ती माझ्याएवढीच आहे. मग तिला का नाही?” आईजवळ याचे उत्तर नव्हते.

उत्तर असे आहे. ल्यूथरन मंडळ्यांत मुलांनी प्रश्नोत्तरी पुरी शिकावी, दृढीकरण घ्यावे आणि मग प्रभुभोजनास यावे, अशी जुनी प्रथा होती. आज काही मंडळ्या मुलांना आधी घेतात, पुष्कळ ठिकाणी जुनीच चाल आहे. आपल्याकडेही एके काळी मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत थांबवीत असत. १९१० च्या ऑगस्टमध्ये संत दहावे पायस यांनी तो दंडक मोडला. सुमारे सात वर्षांचे मूल, साधी भाकर आणि ख्रिस्ताचे शरीर यांतील भेद ओळखू लागले की त्यास अडवू नये, असा त्यांनी निर्णय दिला. म्हणजे आपली पवित्र मंडळी दुसरीच्या मुलाकडे फार गंभीरपणे पाहते! ज्या वर्षी त्याला हातच्याची वजाबाकी कळू लागते, त्याच वर्षी त्याला बरे-वाईट कळू लागते, असे ती मानते. नातीने मैत्रिणीला एवढेच सांगावे: आमच्याकडे लवकर बोलावितात, तुमच्याकडे तयारी करून घेऊन बोलावितात, बोलाविणारा प्रभू एकच आहे.

मोठ्यांनीही हा सूर शिकावा. १९९९ सालच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस देवाच्या कृपेनेच नीतिमान ठरतो, या मूळ वादाच्या मुद्द्यावर आपण मुख्य गोष्टीत एकमत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. २०१६ मध्ये त्याच तारखेला पोप फ्रान्सिस स्वीडनमधील लुंड येथे ल्यूथरन मंडळीबरोबर प्रार्थनेस बसले. ज्या वादाने युरोपात रक्ताचे पाट वाहिले, त्यावर एवढा उजेड पडला असताना दोन सात वर्षांच्या मुलींच्या बाकामध्ये आपण भिंत घालू नये.

तरीही आजीचा प्रश्न उरतोच: नात धर्म विसरेल काय? कायद्याची बाजू प्रथम सांगतो. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य शाळेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास बसविता येत नाही. पालकांनी मुख्याध्यापकांस नम्रपणे भेटून, आमची मुलगी कॅथलिक आहे, ती आपल्या धर्मग्रामात शिकते, एवढे सांगून ठेवावे. यात भांडण नाही, कळविणे आहे. पवित्र मंडळीची बाजूही स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ७९८ वे कलम म्हणते की पालकांनी मुलांस कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे. ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्यांच्या कॅथलिक शिक्षणाची योग्य तजवीज करणे पालकांवर बंधनकारक आहे. आजीच्या मुलाने मुलीस ल्यूथरन शाळेत घातले, यात त्याचा दोष नाही. पण कलमाचा दुसरा अर्धा भाग अजून त्याच्यावर बाकी आहे.

आणि येथेच आम्हांस या प्रकरणातील खरे संकट दिसते. नात ल्यूथरन होईल, हे ते संकट नव्हे. ती घरात काहीच शिकत नाही, हे आहे. तिला प्रार्थना येते, पण ती शाळेने शिकविली. तिला आज्ञा येतात, त्याही शाळेने शिकविल्या. घराने काय शिकविले? आजीची दोन पत्रे फळीवर पडून राहिली, हे त्या शाळेने केले नाही.

गंमत अशी की ल्यूथरची ती प्रश्नोत्तरी मुळात शाळेसाठी लिहिलेलीच नव्हती. तिच्या प्रत्येक भागाच्या माथ्यावर लिहिले आहे की घरच्या कर्त्याने हे आपल्या कुटुंबास साध्या रीतीने कसे शिकवावे. ती प्रथम छापली गेली तीही मोठ्या तक्त्यांच्या रूपात, भिंतीवर टांगण्यासाठी! पुढे शाळेने ती उचलली, आणि हळूहळू बापाने आपले काम मास्तरावर सोपविले. आपल्याकडे काय झाले? १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले, तेव्हा रस्त्यातून घंटा वाजवीत ते मुलांना धर्मशिक्षणास बोलावीत. मुले शिकत ते आपापल्या घरी जाऊन म्हणून दाखवीत. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले, आणि कुटुंबेच्या कुटुंबे ते ऐकावयास बसू लागली. एका इंग्रज माणसाने आपल्या भाषेवर इतके प्रेम केले, आणि आपण ती दोन खोल्यांच्या घरातही टिकवू नये काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यातही हेच सांगितले आहे: मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणजे त्यांचे आई-बाप. ज्या एका गोष्टीवर ल्यूथर आणि व्हॅटिकन दोघेही एका सुरात बोलतात, ती आपण हलकी मानू नये.

कोणी म्हणेल, बाप पहाटे बाजारात जातो, आई चार घरची कामे करते, शिकवावयाचे केव्हा आणि कसे? आम्ही मोठे काही सांगत नाही. मराठी वाचनाचेच घ्या. नातीला मराठी वाचता येत नाही, असे सर्वांना वाटते. पण नीट पाहा! हिंदीच्या तासाला ती देवनागरी अक्षरे शिकतेच. क, ख, ग, काना, मात्रा, वेलांटी सारे तिला ठाऊक आहे. हिंदीत नाही असे मुख्य अक्षर एकच, आपला ळ. आणि तो उच्चारही तिच्या जिभेवर आहे, कारण तेलुगूत तो आहे! डोळ्यांना ती कळ्ळु म्हणते, पाण्याला नीळ्ळु म्हणते. एका तासाला डोळ्यांनी शिकलेली अक्षरे आणि दुसऱ्या तासाला जिभेने शिकलेला ळ, ही दोन्ही एकत्र आणून दिली की ‘बाळ’, ‘फळ’, ‘माळ’ तिला वाचता येईल. शाळेने तिला मराठीची सारी सामग्री दिली आहे. ती जुळवून देणारे माणूस मात्र घरात हवे. त्याला पदवी लागत नाही.

आकड्यांचेही तसेच. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्याच गणिताच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला. सत्तावीसला ‘वीस सात’ असेही म्हणावे, मुलांना सोपे जाते, असे बालभारतीच्या त्या पुस्तकात आले होते. पुष्कळांनी नाके मुरडली. मलकपेठेच्या नातीला मात्र ‘वीस सात’ लगेच कळेल, कारण तेलुगू आणि इंग्रजी दोन्ही तशाच मोजतात. तिला अडते ते सत्तावीस, एकोणतीस, अडतीस यांपाशी. म्हणून बापाने कांद्याचे वजन घरी येऊन मराठीत सांगावे: आज एकोणचाळीस गोण्या, उद्या त्रेपन्न. आणि रोजरीच्या माळेचे दहा-दहाचे पाच संच असतात. दहा मण्यांचे एक दशक, अशी पाच दशके म्हणजे पन्नास. प्रार्थना करताना मोजण्याकडे लक्ष नसावे हे खरे, पण प्रार्थनेनंतर आईने मणी दाखविले तर दशक-एककाचा याहून चांगला धडा कोठे मिळणार?

गावाकडील वाचकांनी हे सारे मलकपेठेचे दुखणे समजून निश्चिंत राहू नये. आपल्या खेड्यांत शाळा मराठी आहे, गल्ली मराठी आहे, आजी घरात आहे. तरी मूल वाचते काय? ‘असर’ नावाची पाहणी ग्रामीण भारतातील मुलांच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवते. २०२४ च्या पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच तो वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले शरीराने पाचवीत आहेत, पण वाचनाने दुसरीच्या दाराबाहेर उभी आहेत. ज्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, त्याला पुढे शुभवर्तमान कसे वाचता येईल? त्याच्या नावाने आलेले नोटिशीचे कागद कसे कळतील? आज रात्री जेवणानंतर आपल्या पाचवीतल्या मुलापुढे धाकट्या भावाचे दुसरीचे पुस्तक ठेवा आणि एक पान वाचावयास सांगा. अडखळला तर रागावू नका, शेजारी बसा.

आजीबाई, आता आपल्यासाठी. आपल्या मुलास आम्ही असे सांगू इच्छितो. रात्री निजण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढावीत. पाच मिनिटे प्रार्थना, मराठीत. प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, देवदूताची प्रार्थना. पाच मिनिटे मराठी वाचन, मग ते पंचांगाचे पान असो की हे साप्ताहिक असो. आणि पाच मिनिटे नातीने शाळेत काय शिकले ते तिने मराठीत सांगावे. शाळेतील गोष्ट मराठीत सांगताना ती अडेल, शब्द शोधील, इंग्रजी घालील. हसू नये, शब्द द्यावा. रविवारी धर्मग्रामातील वर्ग चुकवू नये, आणि शाळेतील गुरुजींचा व बाईंचा मान राखावा. आपल्या मुलीला आज्ञा शिकविणाऱ्याचे उपकार मानावे, मग त्याची मंडळी कोणतीही असो.

आणि आपणही एक करावे. पत्रे मुलाच्या नावे न लिहिता नातीच्या नावे लिहावीत. मोठ्या अक्षरांत, चार ओळींची. एका पत्रात एकच बातमी: शेळीला करडू झाले, चिंच लागली, देवळाची घंटा नवी आली. प्रत्येक पत्रात निदान एक ळ असू द्या. पत्राच्या शेवटी एक प्रश्न विचारा, म्हणजे तिला उत्तर लिहावे लागेल. सॅक्सनीच्या त्या जुन्या शाळेत मूल संध्याकाळी एक वाक्य घरी नेई आणि सकाळी परत आणून म्हणून दाखवी. आपले वाक्य मलकपेठेस जाऊन परत यावयास आठ दिवस लागतील, पण ते येईल.

आपण भीत होता की नात दुसऱ्यांच्या शाळेत आपले विसरेल. आम्हांस वाटते, तिला आपले असे काही दिलेच नसेल तर विसरण्यास तिच्याजवळ आहे तरी काय? ते आधी द्यावे लागते. ते देण्याचे वर्ष हेच, दुसरीचे. याच वर्षी मूल वाचू लागते, बरे-वाईट ओळखू लागते, आणि प्रभू त्याला आपल्या भोजनास बोलावितो. पुढे तिसरी-चौथीत अभ्यास वाढतो, आणि हे दार जड होते.

हे छापण्यास देताना आजीचे दुसरे पत्र आले. आत नातीच्या हाताची एक ओळ होती, वहीच्या पानावर, पेन्सिलीने, वाकडी आणि दोनदा खोडलेली. तीत तिने एवढेच विचारले आहे की करडाचे नाव काय ठेवले. ‘करडाचे’ हा शब्द बरोबर लिहिला आहे. ‘आजी, मी बाळ नाही’ असे खाली जोडले आहे, आणि ळ उलटा काढला आहे.

आम्ही तो सुधारलेला नाही. ते काम आजीचे आहे.